खमिराचे फोटो

भोरच्या बेकरीत मैद्याच्या पोत्यावर लॅपटॉप टेकवून तरन्नुमनं अब्बांना पाव फुगवणाऱ्या खमिराचे, म्हणजे यीस्टचे, फोटो दाखवले. काळ्या पडद्यावर हिरवे गोल ठिपके. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिचं हेच काम होतं. तिथं खमिराचे हजारो वाण होते, प्रत्येकातून एकेक जनुक काढून टाकलेलं. मशीन भराभर सगळ्यांचे फोटो काढी. कुठं काय बिघडलं यावरून काढलेलं जनुक काय करत होतं, ते ओळखायचं. त्यासाठीच तिला आता दोन वर्षांसाठी कॅनडाला बोलावलं होतं.

"ह्याच्यातनं बी काढलंय?" दिलावरभाईंनी एका फोटोवर बोट ठेवलं.

"व्हय अब्बा."

"मग हाय तसंच दिसतंय की."

"दिसतं तसं. खारट पाण्यात टाकलं की मरतं."

तिनं लॅपटॉप मिटला. खरं तर ती काही फोटो दाखवायला आली नव्हती. अम्मी जाऊन दोन महिने झाले होते आणि अब्बांना एकटं टाकून जाणं तिच्या जिवावर आलं होतं. फोनवर ते रोज 'मस्त हाय' म्हणत. दिसायलाही सगळं मस्तच होतं. दाढी कोरलेली, भट्टी पेटलेली, ट्रेमध्ये पाव टम्म फुगलेले. या माणसाला कुणाची गरज नाही, असंच बघणारा म्हणाला असता.

तिनं एक पाव तोडून तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

"अब्बा, मीठ?"

दिलावरभाईंनी कोपऱ्यातल्या कळशीकडं पाहिलं. मैदा मळायचे ते, पण पाण्याची कळशी अम्मी आणून द्यायची, मीठ त्यातच विरघळवून. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. आता पाणी ते स्वतःच ओतून घेत.

"गिऱ्हाइकं काय म्हटली न्हाईत?"

"घरात मयत झालेलं. कोण बोलंल?"

"आन् तुमी? चाखला न्हाई?"

"एकट्यासाठी कुठं पाव तोडायचा?"

तरन्नुमला रडू आलं. तिनं तोंड भट्टीकडं फिरवलं.

"तू जा बिनघोर," अब्बा म्हणाले. "उद्यापासनं म्या टाकतो मीठ."

"किती?"

दिलावरभाईंनी मिठाची बरणी पुढं ओढली. आत हात घालून मूठ भरली, बाहेर काढली, उघडून पाहिली.

"तिची मूठ बारकी व्हती," ते म्हणाले.