खाडीपल्याड जाईल असा आवाज

"आवाज अजून पातळ आहे," गुणाजी म्हणाला. "पेजेच्या निवळीसारखा."

दयारामने डाग द्यायची तापलेली सळई खाली ठेवली. श्रीवर्धनात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गुणाजीने निरोप धाडून त्याला या खाडीकाठच्या गावात बोलावून घेतलं होतं. ओट्यावर गिटार होती, आणि तिचा आवाज मोठा करणारा व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर पाठ उघडून पालथा पडला होता. मुंबईच्या हॉटेलातली वादकाची नोकरी सोडताना गुणाजीने दोन्ही वस्तू गावी आणल्या होत्या. यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चाले.

कशासाठी हे सगळं, ते गुणाजीने आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

खाडीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ हरेश्वर राहत होता. वाळीत टाकलेल्या एका म्हाताऱ्याच्या तिरडीला हरेश्वरने खांदा दिला, म्हणून गावकीने हरेश्वरलाही वाळीत टाकलं. त्या घराशी बोलायचं नाही. तिथलं पाणी प्यायचं नाही. तिथला उंबरा ओलांडायचा नाही, आणि जो ओलांडेल तोही वाळीत. आज संध्याकाळी हरेश्वरच्या लेकीचं, शकूचं लग्न होतं. गावच्या वाजंत्र्यांनी सुपारी घेतली नव्हती. परगावचा बँड वाटेतूनच मागे फिरला होता.

मुलाकडच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. होडीतून उतरल्यावर मांडव मुका दिसला तर ते चौकशी करणार. चौकशी केली की तशीच होडी वळवणार. दुसऱ्याचा निरोप सांगावा तसं गुणाजीने हे सांगितलं.

म्हणून गिटार या ओट्यावर वाजणार होती. पण ती पलीकडे पोचायला हवी होती, आणि पोचेल तेव्हा एकट्या माणसाची वाटता कामा नये.

"तिकडेच जाऊन का वाजवत नाही?" दयारामने विचारलं होतं.

"मध्ये उंबरा आहे."

गर्रर्र.

यंत्रातली ही गुरगुर आधी घालवली. आतला एक कंडेन्सर वाळून गेला होता. दयारामने तो काढून नवा बसवला. मग गिटारची तार छेडली तर गुरगुर नाही, पण सूर किडकिडीतच.

खालचे स्वर कुठेतरी अडत होते. दोन व्हॉल्वच्या मधला कंडेन्सर फार लहान होता. बोळातून बैलगाडी जाणार कशी? त्याने त्या जागी मोठा लावला. डाग दिला. फुंकर मारली. तार छेडली.

"आता?"

"पातळ."

वाटेने दोघे-तिघे गप्पा मारत येत होते. घरासमोर आले तशा गप्पा थांबल्या. माना खाली घालून ते पुढे गेले, आणि वळणापलीकडे पुन्हा बोलणं सुरू झालं. दयारामला वाटलं, भाऊ वाळीत गेला की ह्याच्याही दारात कोण उभं राहणार?

गुणाजीची बायको कृष्णाबाई चहा घेऊन आली. नवरा हाताच्या अंतरावर बसलेला, पण ती दयारामशीच बोलली.

"मिस्त्री, त्यांना सांगा, च्या घ्या म्हनून."

दयारामने हसत सांगितलं. गुणाजीने कप घेतला.

"भांडण झालंय वाटतं," दयाराम म्हणाला.

"भांडायला बोलाया लागतं," कृष्णाबाई म्हणाली. "या गावात मुक्यानं ऱ्हायाची रीत हाय." आणि आत गेली.

शेवटी दयारामने मूळचा लहान स्पीकर काढूनच टाकला. दुकानातून आणलेला मोठा स्पीकर चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्यात बसवला आणि खोक्याचं तोंड खाडीकडे केलं.

तार छेडली.

ओट्याची फळी थरथरली. कपातल्या उरलेल्या चहावर रेघा उठल्या. आवाज भरून आला, रुंद झाला, सुपारीच्या बागेवरून निघाला आणि

गेला.

गुणाजीने मान डोलावली.

ऊन उतरताना पलीकडे होडी लागली. गुणाजी वाजवू लागला. लग्नात वाजतात ती सगळी गाणी, एकाला एक जोडून, मध्ये फट न ठेवता. पलीकडच्या काठावर रंगीत लुगडी आणि फेटे उतरले, थबकले. कुणीतरी आवाजाच्या दिशेने हात केला. मग सगळे मांडवाकडे चढू लागले. दयारामचा जीव भांड्यात पडला. गुणाजीचा चेहरा सकाळी होता तसाच होता.

अक्षता पडल्या असाव्यात. पलीकडून बारीक गलका आला.

तेवढ्यात अलीकडच्या वाटेने माणसं आली. बरीच होती. पुढे बाबाजी नावाचा एक थोराड गृहस्थ, हातात काठी. दयारामने बॅटरीची तार उपटायला हात घातला.

"राहू दे," गुणाजी म्हणाला. त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

बाबाजीने पायरीखाली वहाणा काढल्या. काठी भिंतीला लावली. हात जोडले.

"दादा, लोकं इचारतात, काय करायचं. आमी म्हनतो, नियमात जानं हाय, बोलनं हाय, पानी हाय. वाजवायचं काय न्हाय. पन नियम तुमचा. हरेश्वरला वाळीत टाकायचा शब्दबी तुमचाच. गावकीचं पुढारपन तुमच्याकडं. तुमी न्हाय म्हनलाव तं इथंच मिटलं."

कृष्णाबाई दारात येऊन उभी होती.

"वाजवणं म्हणजे बोलणंच," गुणाजी म्हणाला. "हे घर आजपासून वाळीत. सगळ्यांना सांगा."

मग बाबाजीने वहाणा घातल्या, आणि एकेक माणूस पाठ फिरवून, न बोलता, वाटेला लागला.

गुणाजीने गिटार खांद्याला अडकवली आणि बायकोकडे पाहिलं.

"लुगडं बदल," तो म्हणाला. "लग्नाला जायचंय."