सात लाल टिंबं

"सात निघाली," हेमलता म्हणाली. संगणकाच्या पडद्यावर सात नावांपुढे लाल टिंबं लागली होती. सगळी महाराजपूरच्या अंजनीच्या नात्यातली.

बाबारावांनी पान चघळत मान डोलावली. ते मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि अंजनीचा साखरपुडा त्यांच्याच मुलाशी, मोहनशी, रविवारी ठरलेला.

जबलपुरातल्या चारशे मराठी घरांचं नात्यागोत्याचं जाळं हेमलतानं मंडळाच्या जुन्या वहीतून संगणकात भरलं होतं. एक नाव दिलं की शोध सोळा वाटांनी एकदम सुटे: एक आजोबांकडून, एक मावशीकडून, एक थेट नागपूरच्या सासरकडून. दोन सेकंदांत सगळं गोत पालथं. तुटलेली नाती सापडावीत म्हणून तिनं हे केलं होतं. मंडळाला मात्र फक्त खोट काढायची होती. वहीत काही नावांपुढे लाल टिंबं होती. ती खोटीचीच, हे कुणाला न विचारता ठरून गेलं होतं. तिनंही ती मुकाट्यानं भरली होती.

"महारोग असन, नाहीतर पळून गेलेली पोरगी," बाबाराव म्हणाले. "जुने लोक उगाच काहून देतील टिंब? आमचं पाहा. वर-खाली कुठंच नाही."

त्यांनी तिथूनच फोन लावला आणि साखरपुडा मोडला. पलीकडून अंजनीचे वडील "भैयाजी, ऐका तर" म्हणत राहिले. बाबारावांनी फोन ठेवला आणि खिडकीतून पिंक टाकली. हेमलताला त्या माणसाची किळस आलीच, पण कळ दाबणाऱ्या स्वतःच्या बोटाचीही आली.

ती वही घेऊन बाहेर आली. बाबारावही मागोमाग आले. ओसरीवर अंबादासजी पेपर वाचत होते. तीस वर्षं ती वही त्यांनीच लिहिली होती.

"काका, हे लाल टिंब कशाचं?"

अंबादासजींनी ओळीवरून बोट फिरवलं. "अच्छा, हे? सत्त्याण्णवच्या भूकंपाचं. ज्यानं ज्यानं उघड्यावर पडलेल्यांना आपल्या घरात घेतलं, त्याला टिंब. सत्कार करायचा होता मंडळाला. राहूनच गेला."

मग त्यांनी चष्मा वर करून बाबारावांकडे पाहिलं.

"तुमच्या घराला तर तडासुद्धा गेला नव्हता, बाबारावजी."