उजवा स्पीकर

ताईला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या गाण्याची एकच डिस्क घरात उरली होती, आणि आज दुपारी ती फक्त डाव्या स्पीकरमधून ऐकू येत होती.

मेकॅनिकला फोन लावला. "उजवा मुका झालाय? मग दोन्ही वायरींची अदलाबदल करून बघा," तो जांभई देत म्हणाला.

वायर सोडवण्याआधी मी उजव्या स्पीकरला कान लावला. तो मुका नव्हता. आत हळू आवाजात पंखा कुरकुरत होता, आमच्याच खोलीतला. मग काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

मी दचकलो. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर सुटून खणकन फरशीवर पडला.

स्पीकरमध्ये आई म्हणाली, "अरे, चहा टाकू का?" थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आईने तेच विचारलं.

डावीकडे ताई निवांत गात होती.

"बदलल्या का वायरी?" मेकॅनिक.

"राहू दे," म्हणून मी फोन ठेवला.

मग उजव्या स्पीकरमध्ये दारावरची बेल वाजली. पाठोपाठ माझाच आवाज आला, अगदी हरखलेला: "अगं ताई, किती उशीर!"

मी दाराकडे बघत बसलो.

बेल वाजली.