आजीसाहेबांची तसबीर

"हात काढ," उदयसिंह गरजले. "आजीसाहेबांना हात लावायची तुझी लायकी आहे?"

जनीने हात काढला नाही. खिळा निसटला होता. सोडली असती तर तसबीर थेट खाली टेबलावर मांडलेल्या पाचू-माणकांच्या दागिन्यांवर आदळली असती. संग्रहालयातून आलेल्या चारुताबाईंनी धावत येऊन दुसरी बाजू धरली आणि दोघींनी ती भिंतीला टेकवून ठेवली. तरी उदयसिंहांचा पारा उतरेना. उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं त्यांनी पाहुणीसमोरच सुनावलं.

जनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं रोज नेऱ्याहून एसटीने येऊन ती पनवेलच्या या बंगल्यातली सरदारकी पुसत होती. चित्रं पुसली, रत्नांच्या पेट्या पुसल्या. फक्त ही एक तसबीर वर्ज्य. का, तर ती घराण्याची अब्रू, तिला नोकराचा हात नको. दसऱ्याला उदयसिंह तिच्यापुढे डोकं टेकवायचे, तेव्हा जनीने दाराबाहेर उभं राहायचं.

चारुताबाई भिंग घेऊन तसबिरीशी बसल्या. गळ्यातला कंठा टेबलावरचाच होता, पाचू न पाचू जुळत होता. मग भिंग बांगड्यांपाशी थांबलं.

"आजीसाहेबांच्या हातावर गोंदण होतं?"

"छे. आमच्या घरच्या बायका कसल्या गोंदून घेतात?" उदयसिंह ताठ झाले. "कडक गोषा होता आमच्याकडे. परपुरुषाला आजीसाहेबांचं नखसुद्धा कधी दिसलं नाही."

"मग चित्रकारासमोर बसलं कोण?"

गोषातल्या घरांत असं चालायचं, चारुताबाई हळूच म्हणाल्या. दागिने मालकिणीचे चढवायचे आणि बसवायची दासी.

जनी वाकून बघायला लागली. तुळस, आणि तुळशीच्या बुंध्याशी विंचू. तिच्या आजीच्या हातावर हेच होतं, आईच्या हातावर हेच. अख्ख्या नेऱ्यात दुसऱ्या कुठल्या घरात हे गोंदण नव्हतं. आजी सांगायची, तिच्या आईने महिनाभर सरदारांचा कंठा घातला होता. म्हातारीच्या बाता म्हणून सगळं घर हसायचं. जनीही हसली होती, आणि आता तिला स्वतःचाही राग आला.

तिने बांगड्या वर सारल्या आणि आपला हात तसबिरीतल्या हाताशेजारी धरला. चारुताबाईंनी भिंग खाली ठेवलं.

उदयसिंह तरातरा तसबीर उचलायला आले.

"हात लावू नका, सरकार," जनी म्हणाली. "माजी पणजी हाय ती."