एक्केचाळीस नंबरचा शिक्का

"फुटू दे," हर्शेल पुटपुटला. "देवा, आत्ताच फुटू दे."

नदीकाठावर पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं टायटसव्हिल गाड्यांच्या टपांवर चढून बसलं होतं, आणि पाण्यापलीकडे ते पांढरं धूड उभं होतं. चंद्रावर जायचं मोठं रॉकेट. आज पहिल्यांदाच उडणार होतं. चाचणी होती, म्हणून आत माणूस नव्हता. मोटारीतल्या रेडिओवर उलटी मोजणी चालू होती. दोघं घडीच्या खुर्च्यांत बसले होते. शेजारून नेल्डानं नवऱ्याचे ओठ हलताना पाहिले आणि त्याचा हात हातात घेतला.

"मी पण करते रे प्रार्थना," ती म्हणाली. "दोघांनी मागितलं की लवकर पोचतं."

आपण काय मागतोय, हे तिला सांगायची हर्शेलची छाती झाली नाही.

सोळा वर्षं तो पलीकडच्या रॉकेट-तळावर वेल्डिंगचा तपासनीस होता. एकेका सांध्याची क्ष-किरणांची फिल्म बघायची आणि खात्री पटली तरच कागदावर शिक्का मारायचा. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा, नंबराचा. तो बायकोच्याही हाती द्यायचा नाही, असा तिथला दंडक. हर्शेलचा नंबर एक्केचाळीस.

ऑगस्टमध्ये मुलीला कळा सुरू झाल्याचा फोन आला, तेव्हा चार कागद राहिले होते. "तू पळ," त्याचा साहेब ड्वेन म्हणाला. "शिक्का ठेव इथे. पोरगी महत्त्वाची की कागद?" हर्शेलला गहिवरून आलं. शिक्का टेबलावर ठेवून तो पळाला. नातीचं तोंड बघून दुसऱ्या दिवशी परत आला आणि सवयीनं त्या चारही फिल्म उजेडासमोर धरल्या. चौथीवर, दुसऱ्या टप्प्याच्या इंधननळीच्या सांध्यात, केसाएवढी काळी रेघ होती, म्हणजे तडा. कागदावर शिक्का होता. एक्केचाळीस.

"अरे, आत बसणारेय कोण?" ड्वेननं हात झटकले होते. "रिकाम्या डब्याची कसली काळजी करतोस? आणि बोंबच मारायची असेल, तर आधी हे सांग, तुझा शिक्का माझ्या हातात आला कसा?"

हर्शेल मूग गिळून गप्प बसला. भित्रा होता, दुसरं काय! नोकरी गेली असती तर या वयात त्याला दारात कोण उभं करणार होतं? पण तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं एक वाट शोधली, भित्र्या माणसाला सुचेल अशीच. ते फुटावं. आज, रिकामं आहे तोवर फुटावं. तुकडे समुद्रात पडतील, चौकशी बसेल, फिल्म बाहेर निघेल. कुणी समोर बसवून विचारलं की तो सगळं सांगून टाकेल. त्याचं काय व्हायचं ते होवो, कुणाचा जीव तरी जाणार नाही.

सात वाजले. आधी उजेड आला, आवाज मागाहून. पायाखालची जमीन हादरली, गाड्यांच्या काचा थरथरल्या, खांबांवरचे पेलिकन भेदरून उडाले. रॉकेट सावकाश वर चढलं आणि मग दिसेनासं झालं. पहिला टप्पा गळून पडला, रेडिओवरचा माणूस म्हणाला. दुसरा पेटला.

हर्शेलनं डोळे गच्च मिटून घेतले. नेल्डानं त्याचा हात आणखी घट्ट धरला. सहा मिनिटं तो टप्पा जळत राहिला आणि अगदी ठरल्या वेळी विझला. कुठे काही बिघडलं नाही.

काठावर टोप्या उडाल्या. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. हर्शेल ढसाढसा रडायला लागला, तेव्हा कुणीतरी त्यालाही मिठी मारली.

ड्वेन गर्दीतून वाट काढत आला, हातात डोनटचं खोकं घेऊन. "बघ लेका, कुठे पोचली तुझी रेघ!" तो त्याच्या कानाशी म्हणाला. "आता यापुढे त्या सांध्याची फिल्म काढायचीच नाही, असं वर लिहून देतोय. एकदा उडाला, म्हणजे पास झाला. दाखला तुझ्याच शिक्क्याचा जोडलाय."

"आणि पुढच्या रॉकेटचं काय?"

"पुढचंही रिकामं. त्याच्यानंतरच्यात तिघं बसतील." ड्वेननं खोकं पुढे केलं. "घे, साखरेचं घे."

हर्शेल ताडकन उठला. खुर्ची मागे पडली.

"मी प्रार्थना करत होतो," तो ओरडला, "ते फुटावं म्हणून! ऐकताय ना? फुटावं म्हणून!"

लोकांनी त्याचे ओले गाल बघितले आणि एकच हशा पिकला. ड्वेन सगळ्यात मोठ्यानं हसला. हर्शेलला पुढे शिक्क्याचं सांगायचं होतं. ते शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले.

नेल्डानं खुर्ची उचलली, त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि शेजारणीकडे बघून डोळे पुसत हसली.

"बरं झालं बाई, मी सोबत होते. ह्याच्या एकट्याच्या प्रार्थनेवर सोडलं असतं, तर आज गेलंच होतं ते समुद्रात!"