पाणी कमी पडू नये म्हणून

माशांच्या टाकीत आपोआप पाणी भरणारं यंत्र पंधरा दिवसांत एकदाही चाललं नाही. का, ते बाबांनाच ठाऊक होतं.

यंत्र त्यांच्या लेकीने बसवलं होतं. लेक लिफ्टदुरुस्तीतली. त्यामुळे टाकीही तिने दहा मजली समजूनच हाताळली. आत एक तरंगता गोळा. पाणी उडून पातळी उतरली की गोळा खाली, पंप चालू. गोळा अडकलाच तर पंप बंद करायला वर दुसरा गोळा. दोघांनीही दगा दिला तर? म्हणून पंप ज्यातून पाणी ओढतो ती बादली पाचच लिटरची. सगळी उपसली तरी फरशी कोरडी. एवढा खटाटोप कशासाठी, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने रोज तांब्या घेऊन स्टुलावर चढू नये. मागे एकदा ते पडले होते. बाबांच्या मते तसं काही झालेलंच नव्हतं.

आज लेक तपासायला आली, तर बादली काठोकाठ. तिने तारा पाहिल्या, गोळा बोटाने दाबला. पंप गुरगुरला. ठणठणीत. मग तिला ओलं स्टूल दिसलं.

"बाबा, अजून चढताय?"

"पातळी उतरायच्या आत घालून टाकतो."

"अहो, मग मशीन कशाला आहे?"

"तेच म्हणतो. ते आल्यापासून तुझा एक फोन नाही. म्हटलं, बिघडलेलं दिसलं तर येत राहशील तरी."

आधी ती रोज आठला फोन करून विचारायची, पाणी घातलंत का, नीट उतरलात का. यंत्र बसलं आणि विचारायला काही उरलंच नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसांना मात्र ती दिवसभर फोनवर धीर देत असे.

तिने स्टूल काखोटीला मारलं. "उद्यापासून आठला फोन करते."

"कशासंदर्भात?"

"असाच."

बाबा विचारात पडले. पस्तीस वर्षं हेडक्लार्क; विषयाशिवाय काही पुढे सरकल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. ती जिना उतरेपर्यंत त्यांनी बादलीवर कागद चिकटवला:

'प्रति, पंपसाहेब. विषय: नियमित बिघाडाबाबत. आपण निर्दोष असल्याने मुलीस येण्याचे सबळ कारण राहिलेले नाही. तरी आपण आठवड्यातून किमान एकदा, शक्यतो तिच्या सुट्टीच्या दिवशी, बंद पडावे, ही नम्र विनंती.'