न ओतलेलं पाणी

माथ्यावर पोचताच सगळ्यांनी सरावाचं ओझं म्हणून पाठीवर आणलेले डबे उघडून पाणी दगडांवर ओतून दिलं. जेनेलनं ओतलं नाही.

"अगं, ओत की," रॉस म्हणाला. "ओझं चढताना वाहायचं. उतरताना उगाच गुडघ्यांची वाट लावायची नाही."

"जेवढं वर आणलं तेवढंच मला खाली न्यायचंय."

"का? पाण्याला घरी पोचवायचंय का?" नोएलानं विचारलं, तसे सगळे हसले. जेनेलही हसली, पण डब्याचं झाकण काही तिनं उघडलं नाही.

होबार्टच्या या डोंगरभटक्यांचा रॉस म्होरक्या. एप्रिल सरताना तिकडे पानगळ लागते, फॅगसच्या झाडांची पानं पिवळी होतात, तेव्हा सगळा गट पाठीवर बिऱ्हाड घेऊन वरच्या तळ्यावर मुक्कामाला जातो. कुणाला न्यायचं नि कुणाला नाही हे रॉस ठरवतो, आणि त्यात तो सख्ख्या भावाचीही भीड धरत नाही. जेनेल जानेवारीच्या उन्हाळ्यात गटात आली ती एकच हट्ट घेऊन. तळ्यावर जायचं, आणि तेही याच वर्षी.

"पुढच्या वर्षी जा की. तळं कुठं पळून जातंय?" रॉस म्हणाला होता.

"पुढच्या वर्षी मला झेपायचं नाही."

बाईनं साठी ओलांडलेली. नवरा क्लाइव दोन वर्षांपूर्वी गेला. तो याच गटातला, त्या तळ्याचा वेडा. मुलगी आपल्या आजारी लेकराच्या दवाखान्यात अडकलेली. अशा बाईनं घरात कुढत बसण्यापेक्षा डोंगरात आलेलं बरं, असंच रॉसला वाटलं होतं.

पण तिच्या तऱ्हा वेगळ्याच. बाकीचे लोक डबे काठोकाठ भरत, म्हणजे पाणी हिंदकळत नाही आणि तोल जात नाही. ही मुद्दाम जास्तीचे डबे घ्यायची आणि ते अर्धेच भरायची.

"हलू दे. मला त्याचीच सवय हवी," म्हणायची.

वजनही आपल्या मनानं वाढवायची. मुलीचा फोन येऊन गेला की पुढच्या रविवारी ओझं थोडं जड. पिशवी खाली टेकवताना तर इतकी जपायची, की नोएला हटकून विचारी, "अंडी आहेत का गं आत?"

मार्चमध्ये एकदा रॉस तिच्या मागून चालला होता. वाटेवर आडवी फांदी आली. जेनेल गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाकली आणि पुटपुटली, "डोकं सांभाळ हं." पुढे झुडपातून कांगारूसारखी एक छोटी वॉलबी निघाली. जेनेल थांबली, हळूच वळली आणि वॉलबीकडे पाठ करून उभी राहिली. ती दिसेनाशी झाल्यावरच पुन्हा चालू लागली.

खाली आल्यावर रॉसनं नोएलाला बाजूला घेऊन हे सांगितलं.

"क्लाइवची राख," नोएला म्हणाली. "त्याला तळ्यावर न्यायचंय तिला. म्हणून एवढी जपते. आणि मी मेली अंडी काय म्हणत बसले."

त्यानंतर जेनेलची थट्टा बंद झाली. कुणी तिला पाणी ओत म्हणेना.

तरी रॉसचा जीव धास्तावलेलाच होता. दुःखाला मान द्यावा, पण दुःखानं चिखलात पाय घट्ट रोवला जात नाही. शेवटच्या सरावाला पाऊस लागला. उतारावर जेनेल घसरली आणि दोन्ही गुडघ्यांवर आदळली. हात टेकले, हनुवटीला चिखल लागला, पण पाठ तिनं सरळ ठेवली. पिशवी कशालाही लागू दिली नाही.

"बास झालं," रॉस तिला उठवत म्हणाला. "जेनेल, मला नाही वाटत तू—"

"इथून खालपर्यंत एकदाही नाही घसरले तर नेशील?"

त्याच्यानं नाही म्हणवेना. ती पुढे, तो मागे. एकेक पाऊल चाचपत, मुळांना धरत ती उतरली. पुन्हा घसरली नाही. गाड्यांपाशी पोचल्यावर तिनं पिशवी अलगद टेकवली.

"नेतो," रॉस म्हणाला.

"मग एक सांगायला हवं. मी एकटी नाही येणार. माझ्याबरोबर—"

रॉसनं तिचा हात धरला. "ठाऊक आहे आम्हाला. सगळ्यांनाच."

ती पांढरी पडली. "आणि तुमची हरकत नाही?"

"तुझा माणूस तो आमचा माणूस. तुझा तंबू, शिधा आम्ही वाटून घेऊ. तू फक्त त्याला आण."

जेनेल तिथेच चिखलात बसून रडली. "खात्री झाल्याशिवाय शब्द दिला नव्हता मी त्याला," ती डोळे पुसत म्हणाली. "आज जाऊन सांगते."

गेलेल्या माणसाशी अजून रोज बोलते बिचारी, असं रॉसच्या मनात आलं आणि त्याचेही डोळे भरून आले.

निघायच्या दिवशी पहाटेचं धुकं होतं. नोएलानं बागेतली फुलं आणली होती. तळ्याकाठी म्हणायला रॉसनं चार शब्द पाठ केले होते. जेनेलची गाडी पलीकडे थांबली. दाराआड वाकून तिनं पिशवी पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि संथ पावलं टाकत ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी खुशीत तिला कुणी पाहिलं नव्हतं.

रॉसनं टोपी काढली. मागोमाग सगळ्यांनी काढली आणि माना खाली घातल्या.

जेनेल क्षणभर गोंधळली. मग, त्या वॉलबीच्या वेळी वळली होती तशीच, हळूच वळून पाठमोरी झाली. पिशवीच्या दोन्ही बाजूंनी दोन छोटे बूट लोंबत होते. बूट नवे नव्हते, पण त्यांच्या तळांना एक ओरखडासुद्धा नव्हता.

"आजी," पाठीवरून दबक्या आवाजात प्रश्न आला, "ह्यांचं कुणी गेलं का गं?"